मुंगसाचा आवाज आणि माझं पोट

पहिल्यांदा आवाज फाटला तेव्हा मला वाटलं, माईक बिघडलाय.

दुसऱ्यांदा फाटला तेव्हा मी रेकॉर्डिस्टदादाकडे संशयाने बघितलं. काचेपलीकडे बसणारा हा माणूस दिवसभरात चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन म्हणजे 'पुन्हा घेऊ'. अशा माणसावर संशय घ्यायला काही कष्ट पडत नाहीत. "दादा, वायर बघ ना जरा," मी म्हटलं. त्याने वायर बघितली नाही, माझ्याकडे बघितलं. "वायर नाही रे. तू."

अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा डबिंग स्टुडिओ. तिथे मी एका कार्टूनमधल्या मुंगसाच्या पिल्लाला आवाज द्यायचो. कार्टून मूळ परदेशातलं, आणि त्यातला प्राणी नक्की कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. शेपूट खारीसारखी, कान उंदरासारखे, स्वभाव आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांसारखा. शेवटी ताई म्हणाली, "मुंगूस म्हणू या, कोण येतंय विचारायला." झालं, मुंगूस.

ताई म्हणजे आमची डबिंग डायरेक्टर, आणि त्याच कार्टूनमधली मुंगसाची आईही. वय पन्नाशीचं, राहायला खारदांड्याला. माईकसमोर उभी राहिली की इतकी प्रेमळ आई होते की खऱ्या आईला फोन करावासा वाटतो. माईक बंद झाला की, "ए बारक्या, लाईन खाल्लीस तू, परत बोल." मी मुंबईत आलो तेव्हा खरंच बारका होतो. शर्ट हँगरवर असल्यासारखा दिसायचा माझ्यावर. तेव्हापासून ती मला बारक्याच म्हणायची.

माझ्याकडे दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, आवाज. तालुक्याच्या शाळेत मी हेडसरांचा आवाज काढून खिडकीबाहेरून दोन वर्गांना सुट्टी दिली होती. मुलं गेली, मी राहिलो, आणि खरे हेडसर आले. त्या छड्या आठवल्या की अजून हात आपोआप मागे जातात. पण मुंबईत त्याच आवाजावर काम मिळालं. आधी गर्दीतला तिसरा माणूस, मग पोपट, मग एक खोकणारा शेजारी. मुंगूस हे पहिलं पात्र, ज्याचं पोस्टर माझ्या गावातल्या भाच्याने कपाटावर चिकटवलं. माझा मामा मुंगूस आहे, असं तो वर्गात सांगायचा. दुसरं कुठलं काम गेलं असतं तर मी चार शिव्या देऊन गप्प बसलो असतो. मुंगूस जाऊन चालणार नव्हतं.

आणि नेमकं तेच जायला लागलं. मुंगूस झाडावरून पडतं तेव्हा एक लांब किंचाळी असते, वरच्या पट्टीतली. पहिल्या सीझनच्या शेवटच्या दोन भागांत ती किंचाळी निम्म्यातच फाटायची. सकाळी उठलो की घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. गिळलं तरी जात नाही, खाकरलं तरी येत नाही. तोंडात आंबट चव. दिवसभर माझं चालू, हं-हं, हं-हं. कुणाला वाटावं, आता हा भाषण करणार.

मग एक दिवस ताईने सांगितलं, "सहा आठवड्यांनी दुसरा सीझन. चॅनलवाले परत व्हॉइस टेस्ट घेणार आहेत."

"सगळ्यांची?"

"तुझी," ताई म्हणाली आणि पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.

इथे माझ्या डोक्यात दिवा लागला. गेले कित्येक महिने ही बाई मला रोज गोळ्या देत होती. मला एकट्यालाच. दादाला कधी दिली नाही, कार्टूनमधल्या दुसऱ्या कुठल्या प्राण्याला दिली नाही. आणि त्याच महिन्यांत माझा आवाज जात होता. त्याच आठवड्यात मी स्टुडिओच्या जिन्यात एक मालाडची मुलगी बघितली, हातात मुंगसाची स्क्रिप्ट घेऊन पुटपुटत असलेली. वर जाऊन विचारलं तर ताई म्हणाली, "असंच बोलावलंय." मुंबईत असंच कोण कुणाला बोलावतं? मी गोळी खिशात टाकली. त्या दिवसापासून मी ताईची एकही गोळी खाल्ली नाही. सगळ्या जमा करत गेलो, पुरावा म्हणून.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. डबिंगचा माईक फार तिखट कानाचा असतो. कपडा सळसळला तरी पकडतो, म्हणून आम्ही जुने, धुऊन मऊ झालेले सुती टी-शर्ट घालतो. आणि पोट गुरगुरलं तर तेही पकडतो. मुंगूस मिळालं त्या पहिल्याच आठवड्यात ते मेल्याचं सोंग करून पडलं होतं, सगळं जंगल शांत, आणि माझ्या पोटातून असा आवाज आला की दादाने तो तीन वेळा वाजवून सगळ्यांना ऐकवला. तेव्हा ताईने नियम सांगितला, "उपाशी पोटी माईकसमोर यायचं नाही. आधी जेव." आणि ती नुसतं सांगून थांबणारी नव्हती. घरून डबा आणायची. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, कधी कोळंबीचं सुकं. मी जेवायचो, बूथमध्ये, म्हणजे माईकच्या बंद खोलीत, जायचो, तासाभराने ब्रेक झाला की परत काहीतरी खायचो. समोसा, केळं, जे दिसेल ते.

पण भरलेलं पोटसुद्धा बोलतं ना. मग मी माझा स्वतःचा शोध लावला. घरून, म्हणजे आत्याकडून, काकांचा जुना पंचा आणायचा, टी-शर्टच्या आतून पोटाला तीन वेढे गच्च आवळून बांधायचा. आवाज बंद! हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येक कलाकाराचं एखादं गुपित असतं, माझं हे होतं.

राहायला मी नाहूरला, आत्याकडे. काका रिटायर, आत्या पूर्णवेळ स्वयंपाकघराची मुख्यमंत्री. मी घाटकोपरला मेट्रो सोडून, लोकल धरून घरी पोचेपर्यंत ताट वाढलेलं असायचं. जेवण झालं की हॉलमधल्या दिवाणावर मी आडवा. आत्याला फार बरं वाटायचं. "आलास तेव्हा नुसता सांगाडा होतास रे. आता जरा अंग धरलंस." व्हिडिओ कॉलवर आई म्हणायची, "गाल दाखव. नाही, तो दुसरा." गालांवर घरात एकमत होतं.

ताईवर लक्ष ठेवून झालं, तसा मी आत्यावरही संशय घेऊन बघितला. म्हटलं, तूप. एक दिवस तिच्या मागे उभा राहिलो. वरणावर तिने चमच्याने तूप घातलं, मग इकडेतिकडे बघून अजून एक चमचा.

"आत्या, तो दुसरा कशाला?"

"कुठला दुसरा? हा पहिलाच."

"मी बघितला ना."

"पोलीस झालास का रे? उभा काय राहतोस, पाट घे."

आवाज काही सुधारला नाही. टेस्टला साडेपाच आठवडे उरले तेव्हा मी मुलुंडला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी माझ्या नाकातून एक बारीक नळी आत घातली, तिच्या टोकाला कॅमेरा, आणि समोरच्या स्क्रीनवर माझा घसा दिसायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी मुंगसाला आतून बघत होतो. दोन पांढऱ्या पट्ट्या उघडत-मिटत होत्या, आणि त्यांच्या मागचा भाग लालभडक, सुजलेला.

"ओरडण्यामुळे?" नळी निघाल्यावर मी विचारलं.

"थोडं ओरडण्यामुळे. जास्त खालून आलेल्या आम्लामुळे," त्या म्हणाल्या. "पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतंय."

"मॅडम, माझ्या छातीत कधीच जळजळ होत नाही."

"सगळ्यांना होत नाही. काहींना थेट घशातच कळतं. आंबट चव, खाकरणं, सकाळी आवाज बसणं." मग त्यांनी पेन उचललं. "वजन वाढलंय का इतक्यात?"

आला, म्हटलं, आला तो प्रश्न. मला हाच संशय होता. कुठल्याही डॉक्टरकडे जा, गुडघा दुखो, कान दुखो, शेवटी गाडी वजनावर. मी म्हणालो, "मॅडम, माझे हात बघा, पाय बघा. मला ऑफिसात अजून बारक्या म्हणतात."

"काट्यावर या."

काट्याने शहात्तर सांगितले. मुंबईत आलो तेव्हा मी बासष्ट होतो.

"चौदा किलो," डॉक्टर म्हणाल्या, "आणि सगळे एकाच ठिकाणी दिसतायत." त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. पोटाने सैल टी-शर्टच्या आत लपायचा प्रयत्न केला. त्यांनी कागदावर एक पिशवी काढली, वर एक नळी, दोघांच्या मध्ये एक झडप. पोटाभोवती चरबी वाढली की आत दाब वाढतो, दाब वाढला की झडपेवर जोर येतो, आम्ल वर निसटतं. "तुम्ही फार जाड आहात असं मी म्हणत नाहीये. पण कमी काळात वाढलंय आणि पोटावर वाढलंय, म्हणून त्रास होतोय. बरं, खाणं कसं असतं? कामाच्या आधी खाता का?"

मी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. ताईचा नियम, डबा, ब्रेक, समोसा. आणि म्हटलं, आता डॉक्टरच आहेत, काय लपवायचं, म्हणून पंचाही सांगितला. तीन वेढे.

त्यांचं लिहिणं थांबलं. "म्हणजे तुम्ही पोट गच्च भरता."

"हो."

"मग ते बाहेरून आवळता."

"हो. पंचाने."

"आणि मग ओरडता."

"किंचाळतो, मॅडम. झाडावरून पडताना."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "टूथपेस्टची ट्यूब माहीत आहे ना?" आणि पुढे काही समजावलं नाही.

त्यांनी काही आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. पंचा बंद. एका वेळी थोडंथोडं खायचं, झोपायच्या आधी तीन तास काही नाही, दिवाणाची डोक्याकडची बाजू उंच करायची, आणि वजन हळूहळू कमी करायचं. "पेपरमिंटच्या गोळ्या खाता का? त्याही नकोत. त्याने झडप अजून ढिली पडू शकते."

हे शेवटचं ऐकून मी खुर्चीवरून उडालोच. म्हणजे ताई! पुरावा माझ्या खिशातच होता, तीन गोळ्या.

पण डॉक्टरवरचाही माझा संशय गेला नव्हता. घरी जाताना मी मुलुंडच्या दोन मेडिकलमध्ये परत वजन केलं. एका काट्याने पंचाहत्तर सांगितलं, दुसऱ्याने सत्त्याहत्तर. तीन काटे, तीन आकडे, आणि तिघेही माझ्या विरोधात. तरी म्हटलं, या बाई सगळ्यांनाच हे सांगत असतील. ठरलेलं वाक्य. खात्री करायची तर एकच मार्ग होता, आणि तो फक्त माझ्यासारख्यालाच सुचणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत्याच्या बेडरूममध्ये दार लावून क्लिनिकला फोन केला. आवाज लावला ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा. तो मला अवघड नाही, आणि बसक्या घशाने तर त्या दिवशी इतका झकास लागला की मीच माझ्या पाया पडलो असतो.

"हॅलो, डॉक्टरीणबाई आहेत का? माझं वजन बघा, एक्केचाळीस किलो. घसा बसलाय. तोंडात आंबट येतं. वजन कमी करू का?"

"नाही नाही, आजोबा," डॉक्टर लगेच म्हणाल्या. "अजिबात कमी करायचं नाही. एक्केचाळीस म्हणजे आधीच कमी आहे. बारीक माणसालाही आम्लाचा त्रास होतो, पण तुमच्या वयात घसा बसला आणि वजनही कमी असेल तर तपासावंच लागेल. कुणाला तरी घेऊन या. गिळायला त्रास होतो का?"

"नाही हो बाई."

"बरं. आणि आजोबा..."

"बोला बाई."

"त्या मुंगसाला सांगा, त्याचा नंबर आमच्याकडे सेव्ह आहे. आणि आवाज बसलेला असताना नकला करायच्या नाहीत."

मी फोन ठेवला. पाच मिनिटं आत्याच्या कपाटाच्या आरशात बघत बसलो. म्हणजे सगळ्यांना एकच वाक्य सांगत नव्हत्या. मला जे सांगितलं ते माझ्यासाठी होतं. आपलं खरंच काहीतरी चुकतंय हे असं कळलं की राग काढायला दुसरं कुणी उरत नाही, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

तरी मनात होतंच. मी ठरवलं, सांगितलेलं सगळं करायचं, पण फक्त बाईंना खोटं पाडायला. रोज सकाळी उठल्याउठल्या फोनवर एक 'आ' रेकॉर्ड करायचा, लांबच लांब. महिन्याने सगळे 'आ' नेऊन ऐकवायचे आणि म्हणायचं, बघा, काही फरक नाही.

दिवाणाखाली डोक्याकडे चार विटा लावल्या. काका म्हणाले, "झोपतोयस की घसरतोयस?" संध्याकाळी सातला जेवायला लागलो. भात निम्मा, तूप बंद, समोसा बंद. रोज संध्याकाळी नाहूर स्टेशनच्या पुलापासून भांडुपच्या बाजूला पाऊण तास चालायचो. पंचा मी काकांना परत केला. त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "हा इतका ताणला कसा गेला?" मी म्हटलं, "मशीनमध्ये."

आत्याला हे सगळं सहन होईना. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "माझ्या हातचं आवडेनासं झालं का रे?"

"नाही गं आत्या, डॉक्टरने सांगितलंय."

"घसा दुखतो म्हणून जेवण बंद? कुठल्या पुस्तकात आहे? घसा वर, पोट खाली."

"तेच तर, खालचं वर येतंय."

"मला वेड्यात काढू नकोस." तिने दिवाणाखालच्या विटा बघितल्या, चालायचे बूट बघितले, आणि आवाज खाली आणून विचारलं, "मुलगी आहे का कुणी?"

"काय?"

"बारीक व्हायला लागलास, संध्याकाळी बाहेर जातोस, आणि परवा माझ्या खोलीत दार लावून फोनवर बोलत होतास. म्हाताऱ्याच्या आवाजात. मुद्दाम ना, मला कळू नये म्हणून?"

मी हसलो आणि चूक केली, कारण ते तिला कबुलीजबाब वाटलं. रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला. या वेळी गाल नाही बघितले. "कोण आहे, कुठली आहे, एवढंच सांग," म्हणाली. मी म्हणालो, "आई, पोटाची झडप आहे." ती म्हणाली, "आत्या सांगत होती, तू विषय बदलशील म्हणून." आयुष्यभर मी लोकांवर संशय घेत आलोय, घरातून असा उलटा येईल असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात माझे 'आ' बदलायला लागले. मी मानायला तयार नव्हतो. फोन बदलला असेल, म्हटलं, पण फोन तोच होता. सकाळचा पहिला 'आ' पूर्वी तीनदा तुटायचा, आता एकदा तुटत होता. पाचव्या आठवड्यात तुटायचा बंद झाला. मुलुंडच्या सगळ्यात दुष्ट काट्यानेही त्र्याहत्तर दाखवलं. हं-हं कधी बंद झालं ते मला कळलंच नाही, काकांनी सांगितलं: "तुझं भाषण रद्द झालं वाटतं."

टेस्टच्या आदल्या दिवशी मी स्टुडिओत गेलो आणि ताईसमोर टेबलावर बावीस पेपरमिंटच्या गोळ्या ओतल्या.

"हे काय रे बारक्या?"

"तू सांग. तू मला एकट्यालाच गोळ्या का देत होतीस?"

ताईने गोळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग काय विष दिलं का तुला?"

"डॉक्टर म्हणाली, या गोळ्यांनी त्रास वाढतो."

"अरे मला काय स्वप्न पडलं होतं?" ती भडकली. "तुझ्या तोंडाला आंबट वास यायचा! आई-मुलाच्या सीनला एका माईकवर आपण दोघं उभे, तू माझ्या नाकात बोलायचास. सांगणार कसं तुला? तोंडावर सांगितलं असतं तर दोन दिवस हसला नसतास. म्हणून गोळी देत होते. दादाला विचार."

काचेपलीकडून दादाने मान हलवली. त्याच्यापर्यंतही वास पोचल्यासारखी.

तोंड कुठे लपवू असं झालं मला. तरी एक उरलं होतं. "आणि ती मालाडची मुलगी?"

"मुंगसासाठीच बोलावली," ताई म्हणाली. तिने खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "तुझी किंचाळी निघत नव्हती. दुसऱ्या सीझनला तू नाही बोललास तर काय करू, मुंगसाला मुकं ठेवू? तिची टेस्ट झालीय. चांगली आहे. उद्या तुझी. बघू."

मी गोळ्या गोळा करायला लागलो तर तिने हातावर फटका मारला. "ठेव त्या. मला लागतात."

टेस्टला मी थोडंसं खाऊन गेलो, एक केळं आणि अर्धी भाकरी, तासभर आधी. पोट मोकळं, पंचा नाही. चॅनलच्या मॅडम ऑनलाइन ऐकणार होत्या. माझ्या हेडफोनमध्ये फक्त त्यांचा आवाज, आणि समोर स्क्रीनवर मुंगूस फांदीवरून घसरतंय.

मी किंचाळलो. ती किंचाळी निघाली, यार! वर गेली, अजून वर गेली, आणि झाडाखाली पडेपर्यंत एकदाही फाटली नाही. काचेपलीकडे दादाने अंगठा वर केला. मी आल्यापासून पहिल्यांदा.

मग मॅडम म्हणाल्या, "खूप छान आहे. पण हा तो नाहीये."

"कोण तो?" मी विचारलं.

"आमचा मुंगूस. त्याचा आवाज जरा बसका आहे ना. बोलताना मध्येच फाटतो, तेच मुलांना आवडतं. हा फार स्वच्छ आहे. कुठलंही पिल्लू वाटतं."

मी ताईकडे बघितलं. ताई स्क्रिप्टकडे बघत होती. तेव्हा मला समजलं. जवळजवळ पूर्ण पहिला सीझन मी जेवणाने भरलेल्या, पंचाने आवळलेल्या पोटाने केला होता. मुलांनी जो ऐकला, भाच्याने ज्याचं पोस्टर चिकटवलं, तो माझा आजारी घसा होता. मी पाच आठवडे तोच बरा करत बसलो होतो.

"मॅडम," ताई म्हणाली, "एक मिनिट द्या."

ती बूथमध्ये आली आणि दार लावलं. "नक्कल येते ना तुला सगळ्यांची?"

"येते."

"मग स्वतःची कर."

सांगायला सोपं होतं. हेडसर, पोपट, ऐंशी वर्षांचे आजोबा, सगळे मी बाहेरून ऐकून काढले होते. मी स्वतःला कधी बाहेरून ऐकलंच नव्हतं. फोन काढला, पहिल्या आठवड्यातले 'आ' शोधले, तीन ऐकले. मग डोळे मिटले आणि घशात नसलेलं काहीतरी आहे असं मानलं. एकदा गिळलं, एकदा खाकरलं, आणि मुंगूस बोललं. पहिल्या शब्दाला नीट, दुसऱ्याला फाटलं, तिसऱ्याला परत जाग्यावर.

"हा!" मॅडम ओरडल्या. "हाच! आधी का नाही केलंत असं?"

मला मुंगूस मिळालं. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "ते तर तूच आहेस ना मामा?" त्याला काही विशेष वाटलं नाही.

डॉक्टरना सांगितलं तर त्या खूश झाल्या नाहीत. खोटा बसकेपणाही घशाला सोसत नाही, म्हणाल्या, थोडा वेळच करायचा, मध्ये पाणी प्यायचं, किंचाळ्या स्वच्छच ठेवायच्या. वजन अजून उतरवायचंय. गोळ्या हळूहळू बंद करायच्यात. मी सगळ्याला हो म्हटलं.

दुसऱ्या सीझनचं काम सुरू होऊन आता तिसरा आठवडा आहे. काल सकाळी पहिलाच संवाद होता, मुंगूस आईला विचारतं, "आई, मी मोठा कधी होणार?" त्याच्या आदल्या रात्री आमच्याच बिल्डिंगमध्ये एक साखरपुडा झाला. पंगत नऊला बसली, आणि आत्याच्या डोळ्यांदेखत मी तीन वाट्या बासुंदी खाल्ली. तिचा मुलीबद्दलचा संशय जावा म्हणूनच, असं मी स्वतःला सांगितलं. घरी येऊन लगेच झोपलो.

बूथमध्ये मी वाक्य म्हटलं. 'मोठा'वर आवाज फाटला, अगदी जिथे फाटायला हवा तिथेच.

"झकास," दादा म्हणाला. "पुढे."

"थांब दादा. तो मी फाडला नाही."

"म्हणजे?" ताईने काचेपलीकडून विचारलं. "चांगला होता ना रे."

"तो आपोआप फाटला."

मी हेडफोन काढला, भिंतीकडे तोंड केलं, आणि मुंगसाशिवाय, कुठल्याही प्राण्याशिवाय, एक साधा, लांब 'आ' म्हणायला तोंड उघडलं. आधी नीट ऐकून घेणार होतो, मगच त्या टेकला हो म्हणणार होतो.